वीतभर अंतरावरचं लिंबू

त्या वर्षी आमच्या ट्रॅक्टरची किल्ली आईच्या पदराच्या गाठीत असायची. घरात खिळे होते, कोनाडे होते, देवाच्या फळीखाली पत्र्याचा डबा होता, पण आईचा यातल्या कशावरच विश्वास नव्हता. भाकऱ्या थापताना, मेंढरांना पाला टाकताना, ओढ्यावर धुणं आपटताना किल्लीची पितळी कडी तिच्या बांगड्यांवर आपटायची, आणि ओसरीवर बसलेले दादा, म्हणजे माझे वडील, मान न वळवता त्या आवाजाला कान द्यायचे. ट्रॅक्टर समोरच अंगणात उभा. दादा रोज सकाळी उठून तो पुसायचे. चाकं धुवायचे, बॉनेटवरची कोंबड्यांची घाण खरवडून काढायचे आणि परत ओसरीवर येऊन बसायचे. कुठेही जायचं नसलेला इतका स्वच्छ ट्रॅक्टर आमच्या शिनोली गावात दुसरा नसेल.

किल्ली गाठीत गेली त्याचं कारण दादांचा उजवा पाय. आदल्या हंगामात पारगावच्या साखर कारखान्याला ऊस घेऊन निघालेल्या आमच्या दोन ट्रॉल्यांपैकी मागच्या ट्रॉलीची पिन खिंडीच्या चढावर तुटली. ट्रॉली मागे सरकायला लागली तसे दादा उडी टाकून चाकाला दगड लावायला धावले. दगड लागला, ट्रॉली थांबली, पण थांबायच्या आधी तिनं दादांच्या पायाची तीन बोटं घेतली. दवाखान्यातून घरी आल्यावर दादांनी पहिली चौकशी केली ती ट्रॅक्टरची.  आई अंगणात गेली, किल्ली काढली आणि पदराला गाठ मारली. "ज्या दिवशी ट्रॉली आपल्या आपण थांबंल, त्या दिवशी किल्ली मागा," असं तिनं सांगितलं. म्हणजे कधीच मागू नका, असाच सगळ्यांनी अर्थ घेतला. मी मात्र ते वाक्य शब्दशः धरून बसले. माझा स्वभावच तसा, आणि त्या स्वभावानं मला पुढे रेल्वेत पुष्कळ शत्रू मिळवून दिले.

आमचे आजोबा मेंढरं घेऊन आठ महिने रानोमाळ असायचे. दादांनी जमीन कसली, बैल ठेवले आणि मग घराण्यातला पहिला ट्रॅक्टर आणला. आजोबांच्या कळपातली दहा-बारा मेंढरं दावणीला होती तेवढीच. आता पाय अधू झाल्यावर भावकीतले लोक सहज बोलून जायचे, की मेंढरं बघत बसा आता, बसल्या जागचं काम आहे. दादा हसून "व्हय, व्हय" करायचे, आणि नंतर जेवताना भाकरी कुस्करून कुस्करून तिचा भुगा करायचे. मासवडीचा रस्सा समोर असताना माणूस जेवत नाही, हे आमच्या भागात आजारपणाचंच लक्षण. वड्या थापायला आईला अर्धा दिवस लागायचा, आणि ती त्या दादांसाठीच करायची. किल्लीही तिनंच लपवायची आणि मासवडीही तिनंच करायची, अशी ती दोन टोकांची माया होती. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांसाठीही रडू यायचं.

मी तेव्हा आयटीआयचा फिटर कोर्स संपवून रेल्वेच्या एका डेपोत शिकाऊ म्हणून लागले होते. वर्गात मी एकटी मुलगी होते, डेपोतही एकटीच. आमच्या आणि शेजारच्या तालुक्यात रुळाचा तुकडाही नाही, त्यामुळे गावाला माझं काम समजावणं कठीण होतं. आमचे शेजारी तुकाभाऊ विचारायचे, "मंगल, तू गाडी चालवती का तिकिटं फाडती?" मी म्हणायचे, डब्याखाली झोपते. त्यावर ते जे हसायचे, त्याचा मला आजही राग येतो. पण खरंच मी डब्याखालीच असायचे. जुन्या पद्धतीच्या ब्रेकचे डबे जाऊन हवेच्या ब्रेकचे डबे येत होते. वरून काही कळत नाही, पण खाली झोपलं की पाईप, टाकी, नळकांडं आणि दांड्या अशी एक वेगळीच वस्ती दिसते. पहिल्या तीन महिन्यांत मला फक्त नट आवळायला आणि पुसायला दिलं होतं. पण मी पाहत होते. इंजिन लागलं की पाईपात हवा जाते, फुसफुस आवाज येतो, ब्रेकचे ठोकळे चाकाला लागतात नि सुटतात. एवढं पाहून मला सगळं समजलं, असं मला वाटलं.

मला जे समजलं होतं ते असं: इंजिन हवा तयार करतं, हवा पाईपातून मागे जाते आणि ब्रेकला ढकलते. यात न समजण्यासारखं काय होतं? आमच्या बैलांच्या खटाऱ्यालाही ब्रेक होताच. उतार आला की दोरी ओढायची, चाकामागचं लाकूड चाकावर दाबलं जातं. आमच्याकडे ब्रेक म्हणजे ओढायची गोष्ट. दोरीच्या जागी हवा आली, बस. गौरींच्या सुट्टीत मी घरी आले ती हा शोध घेऊनच. आमच्या ट्रॉल्यांखाली जुन्या ट्रकचे ॲक्सल होते, ड्रमसुद्धा शाबूत होते, फक्त आतले ब्रेक कुणीतरी कधीच काढून टाकले होते. दादांना मी म्हटलं, आपण हवेचा ब्रेक बसवू. दादा ओसरीवरून उठले ते काठी न घेताच. भंगारातून ट्रकचा कॉम्प्रेसर आणला, त्याला ट्रॅक्टरच्या पुलीवरून पट्टा दिला, ड्रमात ब्रेक बसवले, पाईप जोडले. गौरी जेवत होत्या त्या दिवशी दुपारी आईनं अंगणापुरती किल्ली सोडली, दादांनी इंजिन चालू करून लिव्हर ओढला, आणि दोन्ही ट्रॉल्यांची चाकं जाग्यावर गच्च झाली. दादांनी माझ्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की माझ्या हातातला पाना पडला.

आईनं अंगणातला तो प्रकार तीनदा करायला लावला, आणि मग रस्त्यावर न्यायलाही किल्ली दिली. दोन्ही ट्रॉल्या जोडून आम्ही सगळे खिंडीत गेलो, आणि चढावर दादांनी मुद्दाम ट्रॅक्टर थांबवला. गियर काढला, पाय वर घेतला, फक्त हवेच्या लिव्हरवर सगळं लटांबर उभं केलं, आणि आपल्या शेताच्या बांधावर उभ्या तुकाभाऊंकडे पाहून मिशीवरून हात फिरवला. तेवढ्यात मागच्या ट्रॉलीचा पाईप जोडातून निसटला. फाटकन आवाज झाला, सगळी हवा गेली, आणि हवा गेली तसा ब्रेकही गेला. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मागच्या मागे, वेड्यावाकड्या, तुकाभाऊंच्या कांद्याच्या रोपात जाऊन रुतल्या. कुणाला खरचटलंही नाही. पण तुकाभाऊंच्या वर्षाच्या रोपाचा चिखल झाला. "राव, पोरीची हवा लई लवकर गेली," ते एवढंच म्हणाले. त्याऐवजी त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आई चिखलातून चालत आली. तिनं किल्ली काढून घेतली, या वेळी गाठीवर दुसरी गाठ मारली. मग माझ्यासमोर उभी राहून तिनं अगदी शांतपणे विचारलं, "पाईप निसाटला का ब्रेक गेला. व्हय ना? मंग तुज्या रेल्वेचा पाईप निसाटत न्हाई का कवा? त्यातली माणसं कशी जगत्यात?"  इतके महिने मी त्या पाईपाखाली झोपत होते आणि हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या आईला तो चिखलात उभ्या उभ्या पडला. त्या दिवशीची शरम मला अजून जशीच्या तशी आठवते. आज नातवंडं मला "आजीला सगळं येतं" म्हणतात तेव्हा मी त्यांना मुद्दाम कांद्याच्या रोपाची गोष्ट सांगते.

डेपोत परतल्यावर पहिल्याच सकाळी मी आईचा प्रश्न जसाच्या तसा वामनमेस्त्रींना विचारला. मेस्त्री निवृत्तीला आलेले, सदा तंबाखू मळणारे, मला नावानं हाक न मारता माझ्या तालुक्यावरून "आंबेगाव" म्हणणारे. प्रश्न ऐकून त्यांनी मळलेली तंबाखू तशीच पुडीत परत टाकली. "हा प्रश्न तुझा नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, आईचा आहे. "मग आईला नोकरीला लाव आणि तू घरी बस," असं म्हणत ते मला यार्डात घेऊन गेले. इंजिन लावून हवा भरलेली मालगाडी उभी होती. मेस्त्रींनी मला चाकाजवळ वाकून बघायला लावलं. ब्रेकचे ठोकळे चाकापासून सुटे होते. "पाईप हवेनं गच्च भरलाय, आणि ब्रेक सुटलेला आहे. दिसलं?" मला दिसलं, पण पटलं नाही. मग शेवटच्या वॅगनमागे लोंबणाऱ्या पाईपाचा कॉक, म्हणजे तोटी, त्यांनी मला उघडायला सांगितली. हवा सुटली ती माझी ओढणी उडवून गेली, आणि त्याच क्षणी माझ्या शेजारच्या चाकावर ठोकळे खाडकन आदळले. मग त्याच्या पुढच्या वॅगनचे, मग त्याच्या पुढच्या, असा तो आवाज एकामागून एक इंजिनापर्यंत पळत गेला.

मेस्त्रींनी रुळाशेजारी उकिडवं बसून मला सांगितलं ते मी पुढे असंख्य शिकाऊ पोरांना सांगितलं, पण त्यांच्याइतकं सोपं मला कधी जमलं नाही. पाईपातली हवा ब्रेक लावायला नसतेच. ती ब्रेकला थोपवून धरायला असते. प्रत्येक डब्याखाली त्याची स्वतःची टाकी असते आणि एक व्हॉल्व्ह असतो. इंजिनानं पाईप भरला की त्याच हवेतून टाकीही भरते. ड्रायव्हरला थांबायचं असलं की तो हवा पाठवत नाही, उलट पाईपातली थोडी हवा सोडून देतो. व्हॉल्व्हला ते तिथल्या तिथे कळतं, आणि तो टाकीतली साठवलेली हवा नळकांड्यात सोडतो. दांडा बाहेर येतो, ठोकळे चाकाला धरतात. पाईप परत भरला की नळकांड्यातली हवा फुस्स करून बाहेर जाते आणि ब्रेक सुटतो. "आता पाईप तुटला, निसटला, गाडीचे दोन तुकडे झाले," मेस्त्री म्हणाले, "तर हवा कुणी सोडायची वाट बघावी लागते का? ती आपोआप गेली. दोन्ही तुकडे जागच्या जागी उभे. आईला सांग, माणसं अशी जगतात."

मला एकदम आमच्या विहिरीच्या मोटारीचा घरातला स्टार्टर आठवला. हिरवं बटण दाबलं की तो विजेच्याच जोरावर चिकटून राहतो, आणि लाईट गेली की कुणी हात न लावता ठक करून पडतो. हा ठक आवाज आमच्या घरात दिवसातून दहा वेळा ऐकू यायचा. वांगी चिरता चिरता आई "पडला गं बाई" म्हणायची. माझ्या घरात हे सगळं आधीपासून होतं आणि मी शोधत होते खटाऱ्याच्या दोरीत! मी तिथंच रुळाशेजारी मोठ्यानं हसले. मेस्त्रींना वाटलं पोरगी रडतेय. तेही थोडंसं खरं होतं.

पुढचे काही आठवडे मी मेस्त्रींची पाठ सोडली नाही. मालगाडीला एकच पाईप का, आणि प्रवासी गाडीला दोन का? मालगाडीचा एकच पाईप ब्रेकला निरोपही देतो आणि टाक्याही भरतो, म्हणून ती सावकाश सुटते, आणि लांबलचक असल्यामुळे पुढच्या टोकाचा निरोप मागच्या टोकाला जरा उशिरा पोचतो. प्रवासी गाडीत दुसरा पाईप नुसता टाक्या भरलेल्या ठेवायला असतो, म्हणून ब्रेक पटकन सुटतो, परत लावायला टाकी कधी रिकामी सापडत नाही, आणि लोकांच्या हातातला चहा सांडत नाही. हे सगळं मी वहीत उतरवलं. डेपोतला एक वॉशरसुद्धा मात्र मी घरी नेला नाही, हे इथे सांगून ठेवते, कारण तुकाभाऊंनी पुढे बरीच वर्षं तसं सांगत फिरायचा उद्योग केला. माझा व्हॉल्व्ह भंगारातला होता, एका मोडलेल्या लांब ट्रेलरचा. आमच्या डेपोतल्यासारखा तो देखणा नव्हता, पण पोटातलं काम तेच, पाईपातली हवा पडली की टाकीतली हवा ब्रेकला द्यायची.

खंडेनवमीसाठी मी दोन दिवस आधीच घरी आले. नवमीला आमच्याकडे कोयते, नांगर, पाने, शिवणयंत्र, सगळ्याची पूजा होते, ट्रॅक्टरला झेंडूचे हार पडतात, आणि चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडून गाडी पुढे घेतात. मी आणि दादांनी ते दोन दिवस तहान-भूक विसरून ट्रॉल्यांखाली टाक्या बसवल्या होत्या. सकाळी आईनं हळदकुंकू लावलं, हार घातले, आणि ताटातलं लिंबू उचलून विचारलं, "थांबती का आपल्या आपण?" मी हो म्हटलं. "मंग खिंडीत चला. आन रिकामी न्हाई, भरून."

मातीच्या पोत्यांनी मागची ट्रॉली भरली. ट्रॅक्टरनं ती चढावर नेऊन उभी केली. मागे उतारावर मातीचा बांध होता, तुकाभाऊंसकट माणसं सगळी बाजूला काढली. किल्ली आईनं उसनी दिल्यासारखी दिली होती. टाक्या भरल्या तसं तिनं दादांना इंजिन बंद करायला लावलं आणि किल्ली परत घेतली. दादा कुरकुरले, "अगं, आता इंजिनच बंद, तर ब्रेक कसा लागंल?" मी म्हटलं, लागेल दादा, हवा टाकीत आहे. ट्रॅक्टरच्या चाकांना दगड लावले. ट्रॉलीची पिन काढून तिच्याऐवजी जाड दोर बांधला होता, ट्रॉली त्या दोरावर आणि ट्रॅक्टर दगडांवर, असं ते लटकत होतं. दोराशेजारून माझा हवेचा पाईप गेलेला.

आईनं लिंबू ट्रॉलीच्या मागच्या चाकाच्या मागे, उतारावर ठेवलं. चाकापासून वीतभर. मी म्हटलं, "आये, हातभर ठेव. व्हॉल्व्हला कळायला थोडा वेळ लागतो." आई म्हणाली, "पायाच्या बोटांना कुटं हातभर जागा मिळाली व्हती?"   मग तिनं सकाळी पुजलेला उसाचा कोयता घेतला, पदर खोचला आणि दोरापाशी जाऊन उभी राहिली.  माझ्या डोक्यात त्या वेळी एकच गोष्ट होती, ओसरी आणि तिच्यावर बसलेले दादा, उरलेलं सगळं आयुष्य.

कोयता पडला. दोर तुटला. ट्रॉली मागे निघाली, पाईप ताणला, फाटकन सुटला, आणि ट्रॉलीखालून खाडकन आवाज आला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. पोती कचकन मागे कलली, धूळ उडाली, आणि ट्रॉली उभी राहिली. कुणी दगड लावला नव्हता, कुणी लिव्हर धरला नव्हता, इंजिन बंद होतं आणि किल्ली आईच्या गाठीत होती. आई सावकाश चालत मागे गेली. खाली वाकली. चाक लिंबाला टेकलं होतं. तिनं बोटानं ते अलगद सोडवून घेतलं, पदरानं पुसलं, उलटंपालटं करून पाहिलं. सालीवर टायरची माती होती, पण लिंबू सगळंच्या सगळं होतं. "तुकाभावजी," ती मोठ्यानं म्हणाली, "बगा, पोरीची हवा गेली!" आणि तुकाभाऊंनी सगळ्यांच्या देखत डोक्यावरची टोपी काढून मला हात जोडले. दादा काठी टाकून नाचले. तीन बोटं नसलेला माणूस जसा नाचेल तसे नाचले, आणि दोनदा पडता पडता वाचले.

त्या लिंबाचं आईनं घरी सरबत केलं. एक लिंबू, खिंडीत जमलेली माणसं वीस-पंचवीस, त्यामुळे ते पाणीच होतं, पण तीर्थासारखं सगळ्यांनी ओंजळीत घेतलं. पुढे नोकरीत गाडी सुटायच्या आधी ब्रेक ठीक असल्याच्या दाखल्यावर सही करायचं काम माझ्याकडे आलं, ते निवृत्तीपर्यंत राहिलं. साहेब घाई करायचे, गाडीला उशीर होतो म्हणून ओरडायचे. मी शेवटच्या डब्यापर्यंत चालत जाऊन स्वतः चाकाशी वाकल्याशिवाय कधीही सही केली नाही. प्रत्येक चाकामागे मला एक लिंबू दिसायचं.

ट्रॅक्टर अंगणात आणून लावल्यावर किल्ली परत आईच्या पदरात गेली होती, सरबत संपल्यावर तिनं त्या गाठी सोडायला घेतल्या. दोन्ही गाठी इतक्या घट्ट बसल्या होत्या की तिला दात लावावे लागले. दादा ट्रॅक्टरपाशी हात पुढे करून उभे होते, लहान मुलासारखे. आईनं किल्ली काढली, त्यांच्या हाताकडे पाहिलं, आणि ती माझ्या हातात ठेवली.

"हंगामाची पैली खेप तू ने," ती म्हणाली. "त्यास्नी शेजारी बसव. आन खिंडीत थांबून दाखव एकदा. मी बांधावर उबी ऱ्हाते."